सावरखोलचा दुसरा डोंगर

दर पाच वर्षांनी, पडताळणीच्या दिवशी, तोडला गेला असता तो डोंगर न तोडलेल्या डोंगराशेजारी येऊन उभा राहतो आणि त्याच्यासाठी गावाला गायरान मोकळं ठेवावं लागतं. गावं ते ठेवतात. जनावरं आदल्या दिवशी हलवली जातात, वायरमन येऊन तारा उतरवतो आणि ज्यांच्या शेतावर डोंगराची सावली पडणार असते त्यांच्या सह्या ग्रामसेवक गोळा करतो. सहीला सहसा कुणी नाही म्हणत नाही. सावली दुपारी कुणाच्या बांधापर्यंत येणार यावरून मात्र तंटे होतात, आणि ते मलाच मिटवावे लागतात.

मी पडताळणी अधिकारी आहे. माझं काम समजायला सोपं आहे. दूर कुठेतरी कारखाने धूर सोडतात. त्या धुराची भरपाई म्हणून ते एखाद्या गावाला पैसे देतात, गाव आपलं रान राखतं आणि रान हवेतला धूर गिळून धरून ठेवतं. आता ते रान नाहीतरी राहणारच असेल, तर त्या पैशांनी काहीच वाचलं नाही. कारखान्याचा धूर तेवढा कागदावर पुसला गेला. म्हणून सगळं एका प्रश्नावर येऊन थांबतं : हा प्रकल्प नसता तर हे रान तोडलं असतं का? पूर्वी याचं उत्तर आम्ही टेबलाशी बसून अंदाजाने द्यायचो, आणि अंदाज बहुतेक वेळा चहा पाजणाऱ्याच्या बाजूने निघायचा. त्याचा फार बोभाटा झाला. तेव्हापासून कार्यालय अंदाज मागवत नाही, डोंगरच मागवतं. तो कसा येतो ते मला विचारू नये. ते काम वाहतूक शाखेकडे आहे.

मी बरेच डोंगर पाहिलेत. कित्येक ठिकाणी आलेला डोंगर जागच्या डोंगराइतकाच हिरवागार निघाला आणि प्रकल्प त्याच दिवशी बंद झाला. एका संस्थेने तर भीतीपोटी भाड्याने बोडका डोंगर आणून उभा केला होता. त्याच्या पायथ्याला दुसऱ्याच गावाच्या शाळेची पाटी तशीच राहिली होती. अशी माणसं मला चालत नाहीत, आणि मी ते तोंडावर सांगते. पण खरा डोंगर येतो तेव्हा माझं तोंड बंद होतं. एवढ्या वर्षांत सवय व्हायला हवी होती, ती झालेली नाही. डोंगर येताना मी अजूनही चपला काढून उभी राहते.

सावरखोल हे घाटमाथ्यावरचं गाव. गावाच्या वर रवळनाथाची राई आहे. राईचा दंडक असा की आतली वाळकी काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, खाली पडलेलं फळही नाही. या दंडकामुळेच कार्यालयाला शंका होती. जिथली काडी कुणी उचलत नाही ते रान कोण तोडणार होतं? पण अर्जात गावाने स्पष्ट लिहून दिलं होतं : होय, आम्ही तोडणार होतो.

पडताळणीच्या आदल्या संध्याकाळी मी पोहोचले. उतरायची सोय सरपंच शेवंता नाईक यांच्याकडे होती. प्रकल्पाच्या पैशांतून गावाने एक जीप चालवायला घेतली होती. ती रोज घाट उतरून जायची. कॉलेजच्या मुली तिच्यातून जायच्या, अडलेली बाई तिच्यातून जायची, शेवंताबाईंची लेक नर्सिंगच्या वर्गाला तिच्यातूनच जायची. एसटी या गावाला कधी आलेलीच नव्हती.

"बाई, उद्या डोंगर बोडकाच येऊ दे," शेवंताबाई ताटात भाकरी वाढताना म्हणाल्या. "एवढंच मागणं हाय."

"मागून काही होत नाही. जे झालं असतं तेच येतं," मी म्हणाले. जरा कडकच म्हणाले. भाकरी चांगली होती म्हणून मऊ बोलायचं, असं मी करत नाही.

जेवण होतंय तोवर बाळकूतात्या गावडे आले. तात्या राईचे राखणदार. हे पद त्यांच्या घरात बापाकडून मुलाकडे आलेलं. सत्तरीला टेकलेला, काटक माणूस. बरोबर देवाचे पुजारी सटुप्पा गुरव होते. तात्या ओसरीच्या पायरीवरच बसले.

"बाई, अर्जात लिव्हलंय ते खोटं न्हवं," तात्या म्हणाले.

"खोटं असेल तर उद्या सकाळी दिसेलच."

"तसं न्हवं. ऐका तर. अर्जात इचारलं हुतं, परकल्प न्हाई झाला तर रान तोडनार काय? समदी म्हनाली, व्हय लिवा. म्या म्हटलं, देवाच्या राईचं खोटं कसं लिवायचं? लिवायचं तर खरं लिवायचं. मग खरं व्हायचं तर तोडायचं खरंच ठरवाय नको?"

"म्हणजे अर्ज खरा व्हावा म्हणून तुम्ही तोडायचं ठरवलंत?"

"व्हय की. आनि ठरवायचं तर देवाला इचारूनच."

पुढचं सटुप्पांनी सांगितलं. देवाला कौल लावतात तो असा : पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आजवर देवळाच्या तुळईसाठी एक फांदी मागितली तरी डावाच कौल झाला होता. त्या दिवशी अख्खी राई मागितली, आणि उजवी पाकळी पडली.

"देवानं हो का म्हटलं असेल?" मी विचारलं.

"आमी खोटं पडू ने म्हनून," सटुप्पा म्हणाले. त्यांना यात काही अवघड वाटत नव्हतं.

मग गावाने ठेकेदार ठरवला, दिवस ठरवला, कुऱ्हाडी पाजळल्या. ठरल्या दिवशी सकाळी मंजुरीचा निरोप आला आणि कुऱ्हाडी परत माळ्यावर गेल्या.

"आणि तात्या, अर्जाचं हे लफडंच नसतं तर?"

"तर कोन कशाला तोडील?" तात्या म्हणाले. "तो डोंगर आनता येतोय काय, बाई? अर्ज नसता तर झाला असता, तो?"

"त्याची तरतूद नाही. मंजुरी मिळाली नसती तर जो झाला असता, तोच येतो. तुम्ही म्हणता तसल्या डोंगराचा प्रस्ताव पाठवलाय."

तात्यांनी कानावरची बिडी काढली आणि परत ठेवली. मग म्हणाले, "निरोप आला नसता तर म्या खरंच तोडलं असतं काय, ते मला म्हाईत न्हाई. कुऱ्हाड हातात हुती. पर हात चालला असता काय? पाच वरसं ह्योच इचार हाय डोस्क्यात. उद्या डोंगर हिरवा आला तर गावाची जीप गेली. बोडका आला तर मी गेलो."

त्यांना धीर द्यावासा वाटला. पण पडताळणीच्या आधी कुणाला धीर द्यायचा नाही, असा नियम आहे, आणि तो मला पटतो.

सकाळी सगळं गाव गायरानाच्या कडेला जमलं. मार्चची हवा, गवत वाळलेलं. राईत एकच कालवा चालला होता, शिळकरी, बुलबुल, धनेश. मग तो कालवा अचानक थांबला. मी चपला काढल्या. माझं पाहून शेवंताबाईंनी काढल्या, आणि बघता बघता सगळं गाव अनवाणी उभं राहिलं.

डोंगर आवाज करत नाही. जमीन हादरत नाही, गवताचं पातं मोडत नाही. समोर आभाळ असतं आणि ते मागे सरायला लागतं. सरलेल्या जागेत माती भरत येते, खालून वर, घागर भरत यावी तशी. पायथा आला, सोंडा आल्या, खांदा आला, माथा आला. आमच्या माना वर होत गेल्या. एवढं मोठं काहीतरी इतक्या हळुवारपणे येऊन उभं राहू शकतं, हे मी कितीही वेळा पाहिलं तरी मला भरून येतं. त्या वेळी मी अधिकारी नसते. कुणीच नसते.

डोंगर बोडका होता. लाल जांभ्याची उतरंड आणि तिच्यावर तोडलेले बुंधेच बुंधे. राईत जिथे ऐनाचं झाड उभं होतं, तिथे समोर ऐनाचा बुंधा होता. जिथे किंजळ, तिथे किंजळीचा. एका बाजूला झाड आणि दुसऱ्या बाजूला त्याचंच थोटूक, अशी डोंगरभर जोडी लागली होती. एक डांबरी रस्ता वर चढत गेला होता. रवळनाथाचं देऊळ त्या बाजूला मोठं बांधलेलं होतं, बाहेरून गुलाबी टाइल्स आणि स्टीलचा कठडा. त्याच्याभोवती सावली म्हणून कुठे नव्हती.

जीप वाचली होती. मागे कुणीतरी टाळी वाजवायला लागलं आणि मध्येच थांबलं.

"तोडलं की गा म्या," तात्या म्हणाले. कुणाला उद्देशून नाही. त्यांच्या बायकोने, हौसाबाईंनी, त्यांचे दोन्ही हात आपल्या लुगड्याच्या पदरात धरले.

नियमाप्रमाणे सूर्य मावळेपर्यंत डोंगर थांबतो, आणि पायथ्याच्या माणसांना उतरायचं असेल तर उतरता येतं. उतरलेली माणसं मी मोजून घेते आणि जाताना परत मोजते. त्या दिवशी पुष्कळजण उतरले. सगळे ओळखीचे, कारण सगळे इथलेच. सगळ्यांत पुढे तिकडचे बाळकूतात्या होते. तोच चेहरा, तीच काटक चण, कानावर बिडी. राईच्या हद्दीशी येऊन त्यांनी वहाणा काढल्या आणि वर बघत राहिले. बघता बघता त्यांची टोपी मागे पडली, ती त्यांनी उचलली नाही.

"आत येऊ काय?" त्यांनी मला विचारलं.

"मला विचारू नका. राखणदार ते आहेत."

"ये की," आमचे तात्या म्हणाले. "तुजीच हाय."

ते आत गेले आणि ऐनाला दोन्ही हात लावून उभे राहिले. त्यांच्यामागून बाकीचे गेले. एक म्हातारी झऱ्याशी बसली आणि ओंजळीने पाणी पीत राहिली. तिची तहान भागेना. पक्ष्यांचा कालवा परत सुरू झाला तेव्हा तिकडची सगळी माणसं जिथल्या तिथे थांबली आणि तोंडं वर करून ऐकत राहिली. पडताळणीत हे कुठे मोजत नाहीत. मी आपली वही मिटून उभी राहिले, कारण मला दिसेनासं झालं होतं.

दोघे तात्या ऐनाखाली बसले.

"निरोप आला न्हाई व्हय तुला?" आमच्या तात्यांनी विचारलं.

"न्हाई आला. दोन दिस थांबलो. देवानं हो म्हटल्यालं, ठेकेदार दारात. मग तोडाय घेतलं."

"पयली कुऱ्हाड कुनी घातली?"

"म्याच. दुसऱ्या कुनाचा हात उचलंना."

आमचे तात्या खाली बघत राहिले. "मीबी दोनच दिस थांबलो असतो," ते म्हणाले. "तिसऱ्या दिशी म्याच घातली असती."

राईच्या जमिनीवर हिरडे पडले होते, बेहडे, ऐनाच्या पंखांच्या बिया. पायाखाली थरच होता. तिकडच्या तात्यांनी एक हिरडा उचलला, वास घेतला आणि परत जिथे होता तिथे ठेवला. दंडक ते विसरले नव्हते.

"ह्यातलं थोडं देशील?" ते म्हणाले. "आमच्याकडं बी ऱ्हायलं न्हाई. झरा शिमग्याआधीच आटतोय."

ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. शेवंताबाई तडक माझ्याकडे आल्या.

"बाई, नियम काय म्हनतोय?"

"नियम द्यायला मनाई करत नाही, फक्त मोजतो. पुढच्या वेळी तो डोंगर जेवढा हिरवा येईल तेवढी तुमची बचत कमी धरली जाईल. त्या मापाने पैसे कमी, आणि त्या मापाने जीप."

"म्हंजे आमीच आमच्या जीपवर कुऱ्हाड घालायची? माझ्या लेकीचं दीड वरीस ऱ्हायलंय. उद्या एखादी बाई अडली तर तिला बी दाखवू व्हय?"

त्यांचं चुकत नव्हतं आणि मी तसं सांगितलंही. रागाने तरातरा त्या झऱ्याकडे गेल्या, तिकडच्या लोकांना हाकलायलाच गेल्या असाव्यात. तिथे तिकडच्या शेवंताबाई उभ्या होत्या. काखेत प्लास्टिकची घागर. डोक्यावर पाणी वाहून वाहून टाळूवरचे केस गेलेले. त्या काही मागत नव्हत्या. घागर भरून घेऊ का, एवढं विचारायचंही त्यांना सुचत नव्हतं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग आमच्या शेवंताबाईंनी ती घागर ओढून घेतली, झऱ्याखाली धरली, भरेपर्यंत धरली आणि वळून ओरडल्या, "द्या गा! काय द्यायचं ते द्या. जिपंचं बघू."

पण दंडक होता. फळ राईबाहेर जाऊ शकत नव्हतं. सटुप्पांनी कौल लावला. दोन्ही गावं देवळासमोर बसली, इकडची कोण आणि तिकडची कोण हे कपड्यांवरूनच काय ते कळत होतं. सटुप्पांनी विचारलं, "देवा, तुजं बी त्या डोंगराव जाऊ दे काय?" बराच वेळ काही हललं नाही. मग डावी पाकळी पडली.

एक उसासा दोन्ही गावांतून एकदम निघाला.

"अजून एक इचार," आमचे तात्या म्हणाले. "बियासंगं राखनदार गेला तर चालंल काय म्हनून इचार."

सटुप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पाकळ्या परत लावल्या. या वेळी प्रश्न संपायच्या आतच उजवी पाकळी पडली.

"पण राई राखणदाराशिवाय राहील कशी?" मी विचारलं. माझं काम होतं ते. प्रकल्पाच्या अटीत राखणदार लागतो.

"राखनदार हाय की," तात्या म्हणाले, आणि दुसऱ्या तात्यांकडे बोट केलं. "त्यो ऱ्हाईल. म्या काय राखलं, बाई? कुऱ्हाड चालवायचीच ऱ्हायली हुती माजी. त्यानं चालवून बगितलीय. आता त्याच्यापरास चांगला राखनदार कुठला गावायचा?"

 तिकडचे तात्या रडत होते, उघडपणे, नाक पुसत.

मी हौसाबाईंकडे पाहिलं. कुणीतरी त्यांना विचारायला हवं होतं. "तुम्हाला हे चालेल?"

हौसाबाईंनी थोडा विचार केला. "तिकडं सैपाकाला कोन हाय?"

"तूच हाइस," तिकडचे तात्या म्हणाले. "तिला बगवत न्हाई म्हनून ती उतरली न्हाई."

"मग दोनीकडं मीच हाय न्हवं? उपाशी कोन ऱ्हातंय?" त्या म्हणाल्या, आणि बिया भरायला टोपल्या आणायला गेल्या.

दुपारभर सगळ्यांनी मिळून बिया वेचल्या. शेवंताबाईंनी सगळ्यांत जास्त वेचल्या आणि वेचताना सगळ्यांत जास्त कुरकुर केली. सूर्य टेकला तेव्हा मी शिट्टी वाजवली. माणसं टोपल्या घेऊन चढली. आमचे तात्या मागे वळून न बघता चढले. उतरले तेवढेच चढले, माझा आकडा जुळला. डोंगर ज्या हळुवारपणे आला होता त्याच हळुवारपणे गेला, माथ्यापासून पायथ्यापर्यंत, आणि त्याच्या जागी संध्याकाळचं आभाळ पुढे येऊन बसलं. गायरानावरचं गवत जसंच्या तसं होतं.

अहवालात मी सगळं लिहिलं. टोपल्या, बिया, राखणदार. वरिष्ठांनी विचारलं की माणूस बदलल्याने बचतीत काही फरक पडतो का. मी लिहून कळवलं की सध्या सांगता येत नाही, पाच वर्षं थांबावं लागेल.

पाच वर्षांनी मी परत सावरखोलला गेले. गाव अनवाणी उभं होतं. आभाळ सरलं, माती भरत आली आणि मातीबरोबर रोपं आली. कमरेइतकी, काही खांद्याइतकी. बुंध्याबुंध्यातून, दगडाच्या फटींतून, गुलाबी टाइल्सच्या देवळाला वेढून. वाऱ्यावर तो सगळा उतार एका बाजूने चंदेरी झाला आणि परत हिरवा झाला. मी बघत राहिले आणि मला मोजायचं भान राहिलं नाही, हे मी इथे मान्य करते. नंतर मोजलं. बचत पुष्कळ घटली होती. जीप आता आठवड्यातून तीनच दिवस परवडणार होती.

"तीन," शेवंताबाई म्हणाल्या. "पुढच्या खेपेला दोन हुईल. मग एक." त्यांनी डोळे पुसले आणि डोंगरावरून उतरणाऱ्या शेवंताबाईंची घागर घ्यायला पुढे गेल्या. घागर आधीच भरलेली होती, त्या बाजूच्या झऱ्याची. चव बघायला आणली होती.

दोघे तात्या दिवसभर ऐनाखाली बसले होते. दोघांच्या टाचांना सारख्या भेगा, नखांत सारखी माती. हौसाबाईंनी दोघांना चहा नेऊन दिला, दोघांनी बशीत ओतून प्यायला. ते फारसं बोलत नव्हते. एक बोट करून काही दाखवायचा, दुसरा मान हलवायचा.

सूर्य टेकला. मी शिट्टी वाजवली. दोघांपैकी एक उठला, धोतर झटकलं आणि चढू लागला. कोणता, ते मला कळलं नाही आणि गावात कुणी विचारलंही नाही.

डोंगर गेला. उरलेला तात्या अंधारून येईपर्यंत तिथेच बसून होता.

"चला," हौसाबाईंनी लांबून हाक दिली, "भात निवतोय."

तो उठला आणि त्यांच्यामागून घरी गेला.